घरचें वाद्य आणि बाहेरचें वाद्य

नाशिकांत आज गणेशोत्सवाचें गाणें, हौशी नाटकाचें पार्श्वसंगीत किंवा एखाद्या लघुपटाची धून बांधणारा तरुण पूर्वीच्या संगीतकाराप्रमाणें पेटीवाला, तबलजी आणि व्हायोलिनवादक जमवून बसत नाहीं. पंचवटींतल्या किंवा सिडकोंतल्या एखाद्या लहानशा खोलींत एक संगणक, दोन सप्तकांचा कीबोर्ड आणि कानांवर चढविलेला हेडफोन, एवढ्यांत त्याचा सारा वाद्यवृंद मावतो. ज्या सॉफ्टवेअरमध्यें तो गाणें जुळवितो त्याच्याबरोबर पांच-दहा सिंथेसायझर आयतेच मिळालेले असतात. सहा महिने तो त्यांच्यावर खूष असतो. मग कोणी जाणता मित्र त्याला सांगतो कीं, हीं फुकट आलेलीं वाद्यें म्हणजे शिकाऊ पोरांचीं खेळणीं. ज्यांना या धंद्यांत नांव मिळवावयाचें आहे ते बाहेरच्या कंपन्यांचीं वाद्यें विकत घेतात. तेव्हांपासून त्याचें चित्त थाऱ्यावर राहत नाहीं. गाणें वठलें नाहीं कीं दोष वाद्याचा, आणि वठलें कीं चांगल्या वाद्यावर याहून किती वठलें असतें, असें त्यास वाटूं लागतें.

प्रश्न दिसावयास यंत्राचा आहे. पण त्यांत शिकवण्या करून किंवा सातपूरच्या कारखान्यांत राबून सांठविलेले पैसे गुंतलेले असतात, आणि पैशांहूनहि मोठी वस्तु, म्हणजे उमेदीचीं दोन-तीन वर्षें, गुंतलेलीं असतात. म्हणून त्याचा विचार जरा सावकाश केला पाहिजे.

परकें वाद्य घरांत घ्यावें कीं नाहीं, हा वाद महाराष्ट्राला नवीन नाहीं. हार्मोनियम मूळचें युरोपांतलें. पॅरिस येथील दबँ या कारागिरानें १८४२ सालीं त्याचें पेटंट घेतलें. मराठी रंगभूमीनें तें इतकें आपलेंसें केलें कीं, गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकाच्या हातीं तें गायकाच्या गळ्याची सावली होऊन चालूं लागलें. असें असतांहि १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओनें हार्मोनियमला आपल्या ध्वनिक्षेपणांतून बाहेर ठेवलें, आणि तें दार किलकिलें व्हावयास १९७१ साल उजाडावें लागलें. या बंदीच्या मुळाशीं वाद्य परकें आहे एवढाच आक्षेप नव्हता. पेटीचे स्वर पट्ट्यांवर खिळलेले असतात. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तींतून निघत नाहीं, आणि रागागणिक किंचित् चढणारीं-उतरणारीं स्वरस्थानें तिला साधत नाहींत, हा खरा आक्षेप होता. बंदी शहाणपणाची होती कीं नव्हती हा वाद निराळा. आक्षेप मात्र बिनतोड होता. संगणकावरील वाद्य निवडतांनाहि तीच कसोटी सर्वांत उपयोगाची पडते, आणि आश्चर्य असें कीं ती लावून पाहणारे थोडे.

आधीं सिंथेसायझर म्हणजे काय तें पाहूं जातां, पेटींत वारा आणि पितळी पातें यांपासून स्वर निघतो, तसा येथें विजेच्या कंपनांपासून निघतो. सॉफ्टवेअर असेल तर निव्वळ आंकडेमोडीपासून. प्रथम एक ओबडधोबड, कर्कश कंपन उत्पन्न करावयाचें. मग गाळणी लावून त्यांतील नको ते उंच नाद कापून टाकावयाचे. मग स्वर एकदम उठावा कीं हळूहळू फुलावा, कळ सोडतांच तुटावा कीं विरत जावा, हें ठरवावयाचें. शेवटीं वाटल्यास त्याला थोडा कंप द्यावयाचा. सुताराच्या पेटींत करवत, रंधा आणि पटाशी असावी तशीं हीं हत्यारें बहुतेक प्रत्येक सिंथेसायझरमध्यें असतात, मग तो फुकट आलेला असो वा हजारों रुपयांचा. यामाहा कंपनीच्या १९८३ सालच्या डीएक्स-सेव्हन या वाद्यानें दुसरी एक रीति रूढ केली. तींत एका कंपनानें दुसऱ्या कंपनाला हलवून घंटेसारखे, कांचेसारखे नाद काढतात. आज एबल्टन लाइव्हमधील ऑपरेटर आणि एफएल स्टुडिओमधील सिट्रस हीं घरचीं वाद्यें याच रीतीनें चालतात, आणि खुद्द डीएक्स-सेव्हनची नक्कल करणारा डेक्स्ड हा बाहेरचा सिंथेसायझर तर मोफत मिळतो.

घर एकाचें आणि वाद्य दुसऱ्याचें हा व्यवहार फार जुना नाहीं. जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीनें १९९६ सालीं आपल्या क्यूबेस या सॉफ्टवेअरला व्हीएसटी नांवाचा एक दुवा बसविला. १९९९ सालीं त्या दुव्यांतून वाद्येंहि जोडतां येऊं लागलीं. त्यापूर्वीं सिंथेसायझर म्हणजे लांकडा-पत्र्याची वस्तु होती, आणि ती मुंबईच्या चित्रपटसृष्टींतल्या मोजक्या वादकांजवळच असे. त्यानंतर कोणाहि परक्या कारागिराला आपलें वाद्य दुसऱ्याच्या घरांत नेऊन ठेवतां येऊं लागलें. आज अशा वाद्यांची गणती करणें कठीण आहे.

यांत घरचें हलकें आणि बाहेरचें भारी, ही समजूत कितपत खरी? ॲल्केमी नांवाच्या वाद्याची हकीकत या ठिकाणीं सांगण्यासारखी आहे. ब्रिटनमधील कॅमल ऑडिओ या लहानशा कंपनीचें हें वाद्य. लोक तें पैसे मोजून घेत आणि कौतुकानें वापरीत. २०१५ सालच्या आरंभीं ॲपलनें ती कंपनीच विकत घेतली, आणि त्याच वर्षीं ॲल्केमी ॲपलच्या लॉजिक या सॉफ्टवेअरमध्यें आयतें मिळूं लागलें. काल जें बाहेरचें, प्रतिष्ठित वाद्य होतें तें आज घरचें झालें. नाद तोच होता. लॉजिक वापरणाऱ्याला घरबसल्या लाभ झाला. ज्यांनीं तेंच वाद्य विंडोजच्या संगणकावर घेतलें होतें त्यांच्यासाठीं मात्र पुढें कोणी वालीच उरला नाहीं. घरचें आणि बाहेरचें हा भेद मालकीचा आहे, गुणाचा नव्हे, हें यावरून ध्यानांत येईल.

मग गुण कोठें पाहावा? तो नाशिकच्या तरुणाला जें गाणें करावयाचें आहे त्या गाण्यांत पाहावा. परदेशी नृत्यसंगीत करणाऱ्याला सिंथेसायझरची गाळणी किती दाट आहे, तळचा नाद किती जाड आहे, याची चिंता असते. अभंग, भावगीत, लावणी किंवा चित्रपटगीत करणाऱ्याची पहिली गरज निराळी. त्याला मींड पाहिजे. कण पाहिजे. षड्जावरून पंचमावर जातांना मधला प्रवास ऐकूं आला पाहिजे.

या बाबतींत मुंबईचे चरणजित सिंग यांचें उदाहरण फार बोलकें आहे. ते चित्रपटसंगीतांतले वादक. १९८२ सालीं त्यांनीं दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका काढली. तिच्यांत रागांच्या सुरावटी डिस्कोच्या ठेक्यावर बसविल्या होत्या. त्यासाठीं त्यांनीं रोलंड या जपानी कंपनीचीं तीन यंत्रें वापरलीं : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हें ठेक्याचें यंत्र आणि टीबी-३०३. यांतील शेवटचें यंत्र एकट्या गिटारवाल्याला खर्जाची साथ मिळावी म्हणून बनविलेलें. त्या कामीं तें फसलें आणि थोड्याच वर्षांत त्याचें उत्पादन बंद पडलें. पण त्यांत एक सोय होती, ती म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची. रागदारीच्या कानाला त्या घसरणींत मींडेचा भास झाला आणि ज्या कामासाठीं यंत्र जन्मलें नव्हतें तें काम त्याच्याकडून घेतलें गेलें. ध्वनिमुद्रिका त्या काळीं खपली नाहीं. २०१० सालीं ती पुन्हां निघाली तेव्हां पाश्चात्त्य श्रोते थक्क झाले, कारण पुढें कांहीं वर्षांनीं अमेरिकेंत याच यंत्रावर जें नृत्यसंगीत निर्माण झालें त्याच्याशीं तिचें विलक्षण साम्य होतें. चरणजित सिंग २०१५ सालीं वारले. त्यांनीं यंत्राची किंमत किंवा कीर्ति पाहिली असती तर टीबी-३०३ कडे ढुंकूनहि पाहण्याचें कारण नव्हतें.

आतां घरच्या वाद्यांकडे या दृष्टीनें पाहिलें तर पुष्कळांना ठाऊक नसलेली एक गोष्ट दिसते. एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरमध्यें, आणि आपल्याकडील तरुणांत त्याचा प्रसार बराच आहे, स्वरांच्या तक्त्यावर घसरता स्वर लिहिण्याची सोय आहे. एक स्वर लांब धरावयाचा आणि त्याच्या पोटांत दुसरा घसरता स्वर ठेवावयाचा. पहिला स्वर ठरलेल्या वेळांत दुसऱ्यावर जाऊन पोंचतो. मींड किती लांबवावी, कोठें सुरू करावी, हें सारें डोळ्यांनीं पाहून ठरवितां येतें. परंतु ही सोय केवळ एफएलच्या घरच्या वाद्यांवर चालते. बाहेरून आणलेला कितीहि महागडा सिंथेसायझर त्या घसरत्या स्वराला दाद देत नाहीं. म्हणजे भावगीतासाठीं सनईच्या वळणाची एखादी सुरावट करावयाची असेल तर येथें फुकटची वस्तु विकतच्या वस्तूवर मात करते. ज्यानें घरचें वाद्य नीट उघडून पाहिलें नाहीं त्याला हें कळावें कसें?

इतर सॉफ्टवेअरमध्यें मार्ग निराळा. तेथें सिंथेसायझर एकस्वरी करावा, म्हणजे एका वेळीं एकच स्वर वाजेल असा ठेवावा, आणि पहिली कळ सोडण्यापूर्वीं दुसरी दाबली तरच स्वर घसरावा अशी योजना करावी. अशानें जेथें मींड हवी तेथें कळा जोडून वाजवावयाच्या आणि जेथें नको तेथें तोडून. ही योजना बहुतेक घरच्या वाद्यांत असते. त्यांतहि एक बारकावा आहे. कांहीं वाद्यांत घसरण्याचा वेळ ठरलेला असतो, मग अंतर षड्ज-ऋषभाचें असो कीं षड्ज-पंचमाचें. कांहींत वेग ठरलेला असतो, म्हणून अंतर मोठें तर वेळ अधिक. गळ्याचा धर्म या दोन्हींहून निराळा आहे. म्हणून कीबोर्डाच्या बाजूचें स्वर वांकविण्याचें चाक हातीं घेणें हा तिसरा उपाय. तें चाक मुळांत दोन अर्धस्वरांपुरतें फिरतें. त्याची मर्यादा वाढवून घेतां येते. ज्यानें या चाकावर महिनाभर हात बसविला त्याला नव्या वाद्यानें मिळणार नाहीं इतका लाभ जुन्यावर होतो.

मींडेनंतर स्वरस्थानें. नाशिक हें तंबोऱ्याचा कान असलेल्या लोकांचें गांव आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनीं उत्तरायुष्यांत येथेंच वास्तव्य केलें. तंबोरा नीट जुळला म्हणजे षड्जाच्या तारेंतून गांधार आपोआप उमटतो, त्याला गवई स्वयंभू गांधार म्हणतात. तो षड्जाच्या पांचपट कंपनांचा असतो. कीबोर्डावरील गांधार मात्र सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून काढलेला. तो स्वयंभू गांधाराहून चढा असतो. अर्धस्वराचे १०० भाग कल्पिले तर हा चढेपणा सुमारें १४ भागांचा भरतो. काळी एकचा षड्ज सेकंदास १३८.६ कंपनांचा धरून हिशेब केला, तर तंबोऱ्यांतला गांधार ६९३ कंपनांवर येतो आणि कीबोर्डावरचा तोच गांधार ६९८.५ वर. दोन्ही एकत्र वाजूं लागले कीं सेकंदाला पांच-सहा हेलकावे ऐकूं येतात. अभंगाच्या मागें तंबोरा आणि सिंथेसायझरचा लांब स्वर एकत्र ठेवला म्हणजे गाणें कोठेंतरी खुपतें, पण काय खुपतें तें कळत नाहीं. अशा वेळीं तरुण म्हणतो, वाद्य हलकें आहे. वाद्य हलकें नसतें. गांधार चढा असतो.

यावर उपाय घरींहि आहे आणि बाहेरहि. लॉजिकमध्यें सबंध रचनेचीं स्वरस्थानें एकदां ठरवून देतां येतात, आणि तीं घरचीं वाद्यें निमूटपणें पाळतात. बाहेरचीं पाळतीलच असें नाहीं. एबल्टन लाइव्हमध्यें ही सोय २०२४ सालच्या बाराव्या आवृत्तीपासून आली. ज्याच्या सॉफ्टवेअरमध्यें अशी सोयच नाहीं त्यानें मात्र खुशाल बाहेर पाहावें, पण त्यासाठींहि पैसे खर्चण्याचें कारण नाहीं. सर्ज नांवाचा सिंथेसायझर त्याच्या कर्त्यानें २०१८ सालीं सर्वांस खुला केला. व्हायटल नांवाचा दुसरा २०२० सालीं निघाला व त्याची मूळ आवृत्ति मोफत आहे. दोहोंनाहि आपण लिहिलेली स्वरस्थानांची फाइल देतां येते. येथें बाहेरच्या वाद्याची निवड योग्य ठरते, कारण गरज कोणती याचें उत्तर एका वाक्यांत देतां येतें.

सिंथेसायझरचा प्रांत जेथें संपतो तेथेंहि खरेदीचा मोह फार. नाशिक ढोलाचेंच घ्या. उभ्या महाराष्ट्राच्या मिरवणुकांत ज्याला या गांवाच्या नांवानें ओळखतात त्या ढोलाचा आवाज करण्यासाठीं याच गांवचा संगीतकार परदेशांत तयार झालेला भारतीय वाद्यांचा संग्रह विकत घेतो, ही मौजेची गोष्ट आहे. असे संग्रह वाईट असतात असें नव्हे. स्वित्झर्लंडमधील स्वर सिस्टिम्स या कंपनीनें सतार, तंबोरा, तबला इत्यादींचा जो संच केला आहे तो पुष्कळ कष्टानें केलेला आहे, आणि ज्याला सतारिया मिळत नाहीं त्याला तो उपयोगीं पडतो. पण ढोल ही एकट्याची वस्तु नाहीं. एका पानावर टिपरूचा घाव, दुसऱ्यावर हाताची थाप, वर ताशाच्या बारीक काड्यांचा कडकडाट, आणि तीस-चाळीस वादकांच्या हातांत पडणारा तो केसाएवढा मागेंपुढेंपणा, यांतून त्या नादाचा विस्तार होतो. एकाच ढोलाचा एकच ठोका चाळीस वेळां उमटविला तर तो चाळीस ढोलांसारखा वाजत नाहीं. एकच मोठा ढोल वाजल्यासारखा वाजतो. गणेशोत्सवापूर्वीं कित्येक आठवडे ढोलपथकांचे सराव चालतात. पथकप्रमुखाची परवानगी घेऊन, वादकांचें श्रेय लिहून ठेवून, साधें ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन एक संध्याकाळ तेथें उभें राहिलें तर जें मिळतें तें कोणत्याहि दुकानांत नाहीं. गोंधळ्याचें संबळ, पेठ-सुरगाण्याकडील आदिवासींची पावरी, हीं वाद्यें तर परदेशी संग्रहांत सहसा आढळत नाहींत. तीं माणसांकडेच जाऊन आणावीं लागतात. ज्यांच्याजवळ साधनें असतात तेहि शेवटीं माणसांकडेच जातात. २०१६ सालच्या 'सैराट' चित्रपटासाठीं अजय-अतुल यांनीं अमेरिकेंतील सोनीच्या स्टुडिओंत सबंध पाश्चात्त्य वाद्यवृंद बसवून ध्वनिमुद्रण केलें, तें कांहीं संगणकावर व्हायोलिनें मिळत नव्हतीं म्हणून नव्हे.

पैशाविषयीं थोडें बोलणें भाग आहे. सीरम हा सिंथेसायझर २०१४ सालीं निघाला तेव्हां त्याची किंमत १८९ डॉलर होती; ऑम्निस्फियरला सुमारें ५०० डॉलर पडतात आणि त्याच्या दुसऱ्या आवृत्तीला संगणकांत ६४ गिगाबाइट जागा लागते. म्हणजे वाद्यापाठोपाठ नवी डिस्क आली, आणि पुष्कळदां नवा संगणकहि. हें सारें रुपयांत मोजून, त्याच रकमेंत चांगला मायक्रोफोन, खोलीच्या भिंतींना जाड पडदे, किंवा एखाद्या बांसरीवादकाच्या चार बैठका येतात कीं काय हें पाहावें. बहुधा येतात. सवलतीचा हंगाम आला कीं अर्ध्या किंमतीच्या जाहिराती झळकतात; नको असलेली वस्तु अर्ध्या किंमतीला घेतली तरी अर्धे पैसे वाया जातातच. चोरट्या प्रतीचा मार्ग तर पूर्णपणें टाकावा. त्यांत कारागिराचा अपहार आहे, आणि त्या फाइलींबरोबर संगणकांत काय शिरतें तें वापरणाऱ्याला कळत नाहीं. एखाद्या निर्मात्यानें कामाचा करार करतांना विचारलें तर मान खालीं घालावी लागते ती निराळीच.

याहून गंभीर बाब टिकाऊपणाची आहे आणि तिचा विचार विशीतला माणूस करीत नाहीं. मिरजेचा तंबोरा, ज्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, नीट सांभाळला तर मुलाच्या, नातवाच्या हातीं जातो. संगणकावरचें वाद्य तसें जाईल अशी हमी कोणी देत नाहीं. ॲपलनें २०१९ सालच्या कॅटालिना प्रणालीपासून ३२ बिटांचें सॉफ्टवेअर चालविणें बंद केलें. २०२० च्या अखेरीस आपल्या संगणकांतील चिपच बदलावयास घेतली. स्टाइनबर्गनें व्हीएसटीच्या दुसऱ्या पिढीचे नवे परवाने देणें २०१८ सालीं थांबविलें. अशा प्रत्येक वळणावर जे मोठे दुकानदार होते त्यांनीं आपलीं वाद्यें नव्यानें घडविलीं. जे एकटे-दुकटे कारागीर होते त्यांतील कित्येकांना तें झेपलें नाहीं. मग दहा वर्षांपूर्वींचें गाणें उघडावें तर ज्या सुरावटीवर तें उभें होतें तिच्या जागीं रिकामी ओळ दिसते. स्वर लिहिलेले असतात, ते वाजविणारें वाद्य नसतें. घरचीं वाद्यें या बाबतींत अधिक विश्वासाचीं. ज्यानें घर बांधलें तोच तीं नव्या संगणकावर नेतो. गॅरेजबँडमध्यें केलेली रचना लॉजिकमध्यें जशीच्या तशी उघडते, हा तर गरिबीतून वर येणाऱ्या संगीतकाराला मोठा आधार आहे. पण घरच बदललें तर घरचीं वाद्येंहि मागें राहतात, हेंहि विसरतां येत नाहीं. लॉजिकमधून क्यूबेसमध्यें जाणाऱ्याला ॲल्केमी बरोबर नेतां येत नाहीं. बाहेरून घेतलेलें वाद्य दोन्हीकडे चालतें. पुण्यामुंबईच्या संयोजकाबरोबर ज्याला वारंवार रचनांची देवघेव करावी लागते, आणि दोघांचीं सॉफ्टवेअरें निराळीं आहेत, त्यानें या एका कारणासाठीं बाहेरचें वाद्य घेतलें तर त्यास बोल लावतां येणार नाहीं.

वाद्य कोणतेंहि असो, गाणें पुरें झालें त्याच दिवशीं प्रत्येक सुरावट ध्वनिरूपानें वेगवेगळी उतरवून, नांव आणि लय लिहून, दुसऱ्या डिस्कवर ठेवावी. हें काम कंटाळवाणें खरें. पण उतरविलेला ध्वनि कोणत्याहि सॉफ्टवेअरमध्यें आणि पुढच्या पिढीच्या संगणकावरहि वाजेल; वाद्य वाजेल न वाजेल.

बाहेरच्या वाद्यांची बाजू येवढ्यावर संपत नाहीं, आणि ती न मांडणें अन्यायाचें होईल. जो मालिकेचें पार्श्वसंगीत करतो आणि ज्याला आज संध्याकाळीं मागितलेलें उद्यां सकाळीं द्यावें लागतें, त्याला हजारों तयार आवाज ही चैन नसून हत्यार असतें. भयाचा, विनोदाचा, रहस्याचा आवाज स्वतः घडवीत बसावयास त्याला वेळ कोठून मिळणार? शिवाय कांहीं बाहेरच्या वाद्यांची मांडणी इतकी स्वच्छ असते कीं नाद कसा घडतो तें डोळ्यांसमोर दिसतें. व्हायटलच्या पडद्यावर कंपनाचा आकार हलतांना पाहून एखाद्या विद्यार्थ्याला जें पंधरा मिनिटांत समजतें तें पुस्तक वाचून समजत नाहीं. आणि कांहीं घरचीं वाद्यें खरोखरच तोकडीं असतात. रीपर हें सॉफ्टवेअर स्वस्त आणि उत्तम. पण त्यांतला घरचा सिंथेसायझर अगदींच प्राथमिक आहे. त्याच्यावर निष्ठा ठेवून बसणें हा हट्ट झाला. रीपर वापरणाऱ्यानें पहिल्या दिवशींच सर्ज किंवा व्हायटल आणून बसवावा.

तेव्हां निवड करतांना परीक्षा कशी घ्यावी? एक रीति सोपी आहे. आपल्याच गाण्यांतली एक सुरावट घ्यावी. ती घरच्या वाद्यावर मन लावून, दोन संध्याकाळी खर्चून, जमेल तितकी चांगली करावी. मग ज्या बाहेरच्या वाद्याचा मोह आहे त्याची मोफत चाचणी-आवृत्ति बहुधा मिळते. तिच्यावर तीच सुरावट करावी. दोन्ही ध्वनि सारख्याच मोठेपणाचे करून घ्यावे, कारण जें किंचित् मोठें तें कानाला हटकून चांगलें वाटतें आणि विकणाऱ्यांना हें पक्कें ठाऊक असतें. मग घरांतील दुसऱ्या कोणाकडून, नांव न सांगतां, ते आलटून-पालटून वाजवून घ्यावे; हेडफोनवर एकदां, मोबाइलच्या बारीक स्पीकरवर एकदां, आणि जमल्यास मांडवांतल्या कर्ण्यावर एकदां, कारण गाणें शेवटीं तेथेंच वाजावयाचें असतें. पंधरा दिवसांनीं पुन्हां हेंच करावें. दोन्ही वेळां कान एकाच बाजूस वळला, आणि कशासाठीं वळला तें मींड, स्वरस्थान, तळचा नाद किंवा वेळेची बचत अशा एखाद्या शब्दांत सांगतां आलें, तर वाद्य अवश्य घ्यावें. सांगतां आलें नाहीं तर महिनाभर थांबावें.

आणि घेतल्यावर पहिले आठ दिवस तयार आवाजांची यादी उघडूं नये. कोऱ्या आवाजापासून आरंभ करून एक बांसरीच्या वळणाचा, एक खर्जाचा आणि एक तंबोऱ्याच्या मागें निवांत पडून राहील असा, तीन आवाज स्वतः घडवावे, आणि तेच तीन आवाज घरच्या वाद्यावरहि घडवून पाहावे.